दर्भाचे अण्णा

“पण बुवा, बारा वर्षं उलटल्यावर तरी माणूस गेला असं म्हणता येतं की नाही?”

“म्हणायला काय, दुसऱ्या दिवशीसुद्धा म्हणता येतं. जिभेला कुठं हाड असतं?”

धुंडीबुवांनी मान वर केली नाही. मांडीवर दर्भाची जुडी घेऊन ते एकेक काडी निवडत होते. टोक मोडलेली काडी बाजूला, अखंड काडी जुडीत.

“मी शास्त्राचं विचारतोय.”

“शास्त्र तुला माझ्यापेक्षा जास्त येतं.”

हा टोमणा होता की कौतुक, हे हेरंबाला कळलं नाही. त्याने ते कौतुक समजून घेतलं. तेवढी सवय त्याला होती.

गावातल्या वैदिकांत इतक्या कोवळ्या वयात इतका पाठ कुणाचा झाला नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगण्याआधीच हेरंबाला ठाऊक असे. मंत्र म्हणताना कुणाचा स्वर घसरला की याची मान आधी हले. ग्रामजोशांनासुद्धा त्याने भर मुंजीत सगळ्यांदेखत टोकलं होतं. चूक जोशांचीच होती, त्यामुळे त्यांना राग जास्त आला.

फक्त धुंडीबुवांपुढे त्याची जीभ जरा आखडे. याच म्हाताऱ्याने त्याला पहिली अक्षरं शिकवली होती, आणि त्याच्या आधी त्याच्या वडिलांनाही.

संसार आटोपल्यावर बुवा गाव सोडून सीनेच्या काठी येऊन राहिले होते. नदी तिथं वळते आणि वळताना वाळूचा मोठा पट्टा टाकून जाते. त्या वाळूत बाभळसुद्धा नाखुशीने वाढते. उगवतो तो एक दर्भ. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. उन्हाळ्यात पेटतो, पुरात बुडतो, गुरं तुडवून जातात, वर हातभर वाळू चढते, आणि चार थेंब पडले की जुन्याच बुडख्यातून पुन्हा वर येतो.

बुवांची झोपडी त्या दर्भाच्या कडेला होती. तिचं तोंड नदीच्या उताराकडे. उत्तरेकडून पायी येणारी माणसं त्या उतारानेच नदी ओलांडत. बुवा दिवसभर तिकडे तोंड करून बसत. गावाला वाटे, उत्तरेकडे तोंड करून जप चाललाय.

आज श्रावणातली अमावस्या होती. वर्षाचा दर्भ याच दिवशी काढायचा, म्हणून सकाळी सगळे भिक्षुक येऊन आपापल्या जुड्या घेऊन गेले होते. गावात पोळ्याची गडबड होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज मधूनच वाऱ्याबरोबर नदीपर्यंत येत होता.

हेरंब मात्र मागे राहिला होता. झोपडीच्या मागे वाळूवर त्याने काहीतरी करून ठेवलं होतं आणि त्यावर उपरणं झाकलं होतं.

“बुवा, ग्रामजोशी म्हणाले, तुम्ही हो म्हटलंत तरच ते क्रियेला उभे राहतील.”

“जोशी हुशार आहे. काटा काढायचा तोही दुसऱ्याच्या हाताने.”

“मग हो म्हणता ना?”

बुवांनी एक काडी डोळ्यांसमोर धरली, टोक पाहिलं, आणि बाजूला टाकली.

काटा कसला होता, ते सांगायला हवं.

हेरंब सहा वर्षांचा असताना त्याचे वडील त्रिविक्रमभट काशीची कावड आणतो म्हणून निघाले. ते परत आले नाहीत. कोणी म्हणे वाटेत पटकीने गेले, कोणी म्हणे गोसाव्यांच्या टोळीत मिसळले. एकाने तर त्यांना नाशकात पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. पण तो माणूस ऊठसूट शपथा घ्यायचा.

त्याला आता बारा वर्षं होऊन वर आणखी दोन गेली होती.

दर भाद्रपदात सगळं गाव नदीवर तर्पणाला उतरे. ज्याचा बाप गेला त्याने पाणी सोडायचं, ज्याचा बाप आहे त्याने सोडायचं नाही. हिशेब सरळ होता. हेरंब दुसऱ्यांना मंत्र सांगे आणि स्वतः काठावर कोरडा उभा राही. ‘तुझं काय रे?’ असं त्याला कधीच कोणी विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागे.

त्याच्या आईची तऱ्हा आणखी वेगळी. कपाळाला कुंकू होतं, पण ते कुणाच्या नावाचं, जिवंत माणसाच्या की मेलेल्याच्या, हे कोण सांगणार? हळदीकुंकवाला बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. शेवटी बायकांनी मधला मार्ग काढला. त्या तिला निरोप द्यायला विसरू लागल्या.

अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं आहे. बारा वर्षं माणसाची खबर नसली की दर्भाचा पुतळा करायचा, तोच माणूस समजून त्याला अग्नी द्यायचा, आणि मोकळं व्हायचं.

हेरंबाला मोकळं व्हायचं होतं.

“एवढी घाई कसली?” बुवांनी विचारलं.

“उन्हं उतरायच्या आत उरकायला हवं. संध्याकाळी आईची पिठोरीची पूजा आहे. वाण घ्यायला मला घरी...”

तो बोलता बोलता थांबला, कारण बुवांच्या हातातली काडी थांबली होती.

पिठोरीला आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते, ‘अतीत कोण?’ आणि मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, ‘मी आहे.’ मग वाण त्याचं. हेरंबाने हे वाण एकाही वर्षी चुकवलं नव्हतं.

“दुपारी बापाला अग्नी द्यायचा,” बुवा हळूच म्हणाले, “आणि संध्याकाळी आईच्या हातचं वाण घ्यायचं... सुतक कुणाला रे, शेजाऱ्याला?”

हेरंबाचे कान तापले.

“आणि वाण द्यायला सवाष्ण कोण राहील घरात?”

ज्याने दुसऱ्याच्या चुका काढण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या हातून ही चूक झाली होती. मुंज झालेलं पोरसुद्धा असं बोललं नसतं. त्याला स्वतःचा राग आला. अशा वेळी माणूस करतो तेच त्याने केलं. तो राग त्याने दुसऱ्यावर ढकलला.

“माझ्या ध्यानात राहिलं नाही. राहणार कसं? मला त्यांची आठवणसुद्धा येत नाही, बुवा. खरं सांगतो. यायचं असतं तर ते आले असते. जिवंत असतील तर त्यांना आम्ही नको आहोत, आणि मेले असतील तर मेले. दोन्हीकडून एकच. माझ्या मनातून त्यांचं मूळसुद्धा...”

त्याचं बोलणं पुन्हा तुटलं.

उतारावरून एक गोसावी पाण्यात शिरत होता. चांगला उंचापुरा, खांद्यावर झोळी, हातात चिमटा. पाणी त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं. हेरंबाची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच राहिली.

गोसाव्याने पाण्याबाहेर येऊन तोंड वळवलं. पोरगेलासा होता. मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं.

हेरंबाने नजर काढून घेतली.

“मूळसुद्धा काय?” बुवांनी विचारलं.

“...उपटून काढलंय.”

“बरं.”

बुवांनी जुडी बांधली, गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. “चल, दाखव तुझा बाप.”

झोपडीमागच्या वाळूवर हेरंबाने उपरणं दूर केलं.

काम पाहण्यासारखं होतं, यात शंका नाही. पोथीत सांगितल्या तेवढ्याच काड्या, जिथं सांगितल्या तिथंच. मान, छाती, हात, पाय, बोटंसुद्धा. दर्भाच्याच दोरीने बांधलेले सांधे. डोक्याच्या जागी शेंडीचा नारळ. सकाळपासून त्याच्या बोटांना दर्भाची धार लागून लागून रक्त आलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

पण पुतळा काय होता! उपरणं छातीपासून गुडघ्यापर्यंतच पुरलं होतं. पाय पार झोपडीच्या कुडापलीकडे गेलेले. काड्या आखूड पडल्या म्हणून मांड्यांना आणि पोटऱ्यांना जोडावर जोड दिले होते. उभा केला असता तर झोपडीच्या आढ्याला टेकला असता.

बुवा त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत सावकाश चालत गेले. मग तसेच परत आले.

“बुडखे ठेवलेस ना जमिनीत?”

“ठेवले. वरून कापलाय.”

“छान.” बुवांनी डोकं खाजवलं. “हा कोण?”

“कोण म्हणजे? अण्णा.”

“माप कुठनं घेतलंस?”

हेरंबाचा चेहरा जरा उजळला. हा प्रश्न त्याला हवाच होता. पोथीत काड्यांचा हिशेब असतो, उंचीचा नसतो. उंची त्याने स्वतः काढली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता.

“अनुमानाने,” तो म्हणाला. “अण्णा गेले तेव्हा मी लहान होतो. चेहरा मला नीट आठवत नाही. पण एक गोष्ट पक्की आठवते. आमच्या ओटीवरून आत जायचं दार आहे ना, त्यातून अण्णा वाकल्याशिवाय आत येत नसत. चांगले कमरेत वाकत. आज मी त्या दारातून ताठ जातो, आणि माझ्या डोक्यावर वीतभर जागा उरते. म्हणजे अण्णा माझ्यापेक्षा वीतभर तर उंच होतेच, आणि ज्या अर्थी कमरेत वाकत, त्या अर्थी आणखी हातभर धरायला हरकत नाही.”

“तर्क बिनचूक आहे,” बुवा म्हणाले. “कुशाग्र बुद्धी म्हणतात ती हीच.”

हेरंबाने मान किंचित झुकवली.

“आईला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? तिच्यापुढे हा विषय आम्ही काढत नाही.”

“कधीच?”

“...कधीच.”

वाऱ्याने दर्भ एकदा या अंगाला झुकला, एकदा त्या अंगाला.

“तिने ही दिली मात्र,” हेरंब म्हणाला.

त्याने गाठोड्यातून एक घडी काढली. बाराबंदी होती, त्रिविक्रमभटांची. घडीत कडुलिंबाचा पाला होता, आणि तो ताजा होता. म्हणजे बाई दरवर्षी पाला बदलत असणार. हेरंबाच्या हे लक्षात आलं नव्हतं, बुवांच्या आलं.

“सकाळी निघताना पेटीतून काढून हातात दिली. म्हणाली, नीट बसव.”

“मग बसवलीस?”

“बसत नाही. बंद जुळत नाहीत, बाह्या कोपरापर्यंतसुद्धा येत नाहीत. इतकी वर्षं पेटीत पडून आटली असेल.”

“आटली असेल,” बुवा म्हणाले. “तू घाल बघू.”

“मी?”

“तुला तर होईल ना? तू काही एवढा उंच नाहीस.”

हेरंबाला हे विचित्र वाटलं. अग्नी द्यायच्या माणसाचं वस्त्र आपल्या अंगावर? पण बुवांच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्याने शास्त्र काढलं नाही. त्याने घडी उलगडली. एक बाही चढवली, मग दुसरी.

बाह्या मनगटाच्या वर चांगल्या चार बोटं राहिल्या. खांद्यावर शिवण ताणली. बंद ओढले तरी पोटावर भेटेनात. बाराबंदी कमरेच्या वरच संपली.

तो तसाच उभा राहिला. कडुलिंबाचा वास येत होता. त्याखाली दुसरा एक वास होता, फार पुसट. तो कसला, हे त्याला सांगता आलं नसतं. पण त्याच्या नाकाने तो ओळखला.

“आटलीय,” तो म्हणाला.

बुवांनी एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा त्याच्या मनगटाकडे.

“सुती कापड आटतं.”



हेरंबाने बाही खाली ओढली. ती पुन्हा वर गेली. त्याने शिवणीवर बोट फिरवलं. खांद्यापाशी कापड झिजून पारदर्शक झालं होतं, दोन्ही खांद्यांवर सारखंच. कावड वाहणाऱ्याचं कापड एका खांद्यावर झिजतं. हे दोन्हीकडे झिजलं होतं.

“नाव त्रिविक्रम आणि उंची वामनाची,” बुवा म्हणाले, “म्हणून पाठशाळेत सगळे छळायचे त्याला. तो हसायचा. हसताना डोळे मिटायचे त्याचे.”

“नाही.”

“बरं, नाही.”

“नाही, बुवा! तुम्ही म्हणता ते खरं कसं असेल? मला आठवतं ना. बाकी काही आठवत नाही, पण हे आठवतं. देवळातून आलो की ओटीवर चढायचे, आणि दारात आले की वाकायचे. रोज. एकही दिवस चुकला नाही. बुटका माणूस एवढ्या उंच दारात कशाला वाकेल? सांगा ना. का वाकत असत ते?”

त्याचा आवाज चढला होता. उताराशी पाणी पिणारे दोन बगळे उडून गेले.

बुवांनी वाळूत पडलेली दर्भाची एक काडी उचलली.

“तो वाकायचा,” ते म्हणाले, “तेव्हा तू कुठं असायचास?”

“मी? मी खांद्याव...”

...

वाळूवर ऊन होतं. घुंगरांचा आवाज आला आणि गेला.

हेरंबाचा हात अजून त्या झिजलेल्या शिवणीवर होता. तिथंच आपण बसत होतो. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. हात अण्णांच्या शेंडीत. दार जवळ यायचं आणि मग सगळंच खाली जायचं, अण्णा, आपण, ओटी, आणि डोक्यावरून चौकट सरकून जायची. आपण खिदळायचो. दारात वाकणारा माणूस त्याने चौदा वर्षं लक्षात ठेवला होता. कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून तो वाकत होता, हे तेवढं राहून गेलं होतं.

तो खाली बसला.

बुवांनी त्याला हात लावला नाही. ते जरा बाजूला सरून उताराकडे तोंड करून बसले आणि त्याला रडू दिलं. मोठ्याने रडला तो. पाठ झालेला कुठलाच मंत्र त्या वेळी त्याच्या कामी आला नाही. त्याला अण्णा हवे होते, झालं. उंच असोत, बुटके असोत, गोसावी झालेले असोत, आपल्याला विसरलेले असोत. हवे होते. जे मूळ उपटलं असं तो मघाशी सांगत होता, ते कुठंही गेलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो बोलला.

“बुवा...”

“बोल.”

“मी खोटं सांगितलं मघाशी.”

“कळलं ते.”

“मी शोधतो त्यांना.” त्याने बाराबंदीच्या बाहीने नाक पुसलं, आणि आपण काय केलं ते ध्यानात येऊन बाही घट्ट धरून ठेवली. “जत्रेत, घाटावर, धर्मशाळेत... कुणी उंच गोसावी दिसला की मी मागे जातो. पुढे होऊन चेहरा बघतो. एकदा एकाच्या मागे बार्शीपर्यंत गेलो. घरी येऊन आईला सांगितलं, पाठ द्यायला गेलो होतो.”

“आईने काय म्हटलं?”

“पाय धुवायला पाणी दिलं. काही म्हणाली नाही.”

बुवांनी मान हलवली.

“दरवर्षी तर्पणाच्या वेळी मी काठावर उभा असतो ना, तेव्हासुद्धा माणसंच बघत असतो. मंत्र तोंडाने चाललेले असतात. लांबलांबून लोक येतात नदीवर. गोसावी येतात, बैरागी येतात. मी...”

हे बोलल्याशिवाय सुटका नाही, हे त्याला कळत होतं.

“मी उंच माणसंच बघत आलो, बुवा. बुटक्यांकडे मी कधी बघितलंच नाही.”

...

“किती जण गेले असतील माझ्या बाजूने. एखाद्याने पाणी मागितलं असेल. एखादा थांबलासुद्धा असेल. आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभा...”

बुवा उताराकडे बघत होते. तिथं आता कोणी नव्हतं. त्या म्हाताऱ्याचे डोळे इतके बारीक झाले होते की ते उन्हाने की आणखी कशाने, हे सांगता आलं नसतं.

मग ते उठले आणि पुतळ्यापाशी गेले.

“याच्यावर मंत्र म्हटलास का?”

“अजून नाही. तुमच्या होकारासाठी थांबलो होतो.”

“मग हा अजून गवतच आहे.” त्यांनी पुतळ्याचं डोकं उचललं, कानाशी धरून हलवून पाहिलं. “आणि हा नारळ. पाणी आहे चांगलं. घरी ने, खिरीत घालील आई.”

हेरंबाला एवढ्यातही धक्का बसला. त्याने नारळाकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे मिटले.

बुवा क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले.

“गाठी सोड,” ते म्हणाले. “मला बसायला आसन होईल. जुनं कुजलंय.”

हेरंब गाठी सोडायला बसला. सकाळी बांधताना बोटं कापली होती, सोडताना तो सावकाश सोडत होता. आधी पाय गेले, मग मांड्या, मग ते दोन लांबच लांब हात. जोडावरचे जोड निघाले. एवढा थोरला माणूस पाहता पाहता दर्भाचा ढीग झाला. ढीग फार मोठा नव्हता.

बाराबंदी त्याने अंगातून काढली, झटकली, आणि पाला आत ठेवून होती तशी घडी घातली.

उन्हं कलली होती. वाण डोक्यावर घेऊन आई मागे न बघता विचारील, त्या वेळी मागे कोणीतरी असायला हवं होतं. तो बुवांच्या पाया पडला. निघाला. चार पावलांवर थांबला.

“बुवा, मग ते आहेत की...?”

“मला काय ठाऊक? मी इथं बसलेलो असतो.”

“बरं, पुतळा पुन्हा करायचा झाला... तर केवढा करू?”

बुवा वाळूतून पाय ओढत त्याच्यापाशी आले. त्यांनी हात आडवा धरला, आधी हेरंबाच्या छातीशी. मग जरासा वर. मग आणखी किंचित वर, खांद्याच्या रेषेत. तिथं तो हात थांबला आणि थोडा वेळ तसाच राहिला, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा.

“एवढा.”

हेरंबाने त्या हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं, वरून खाली.

“कधी करू?”

बुवांनी हात खाली घेतला नाही.

“दर्भ कुठं जात नाही. तू आधी वर्षभर एवढ्या उंचीची माणसं बघ.”